बाबांची सिद्धावस्था

वळसंगच्या महादेवाला नैवेद्य दाखवायच्या आधीच बाबांनी ताटातली पुरणपोळी उचलून खाल्ली, तेव्हा देवळात कुणालाच राग आला नाही. गाभाऱ्यात उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात उदाचा धूर सावकाश फिरत होता आणि देवळाचे पुजारी असलेले माझे बाबा शांतपणे चावत होते. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "आता देव आन् पुजारी येगळे ऱ्हायलेच न्हाईत की!"

हे सगळं मला झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. चिडके, मायाळू बाबा हळूहळू निवत गेले. सख्खी बहीण गेली तरी डोळ्यांत टिपूस नाही. गोड दिसलं की हात पुढे. रुद्र मात्र एक अक्षर न चुकता म्हणायचे, मग याला आजार कोण म्हणणार? लोक पाया पडू लागले. मी सोलापुरात शाळेत शिकवते, चार शहाण्यांत मोडते. मीही पडले, आणि तेव्हा फार बरं वाटलं.

सोलापूरच्या बाजारात मात्र त्यांची थोरवी कुणाला ठाऊक असणार! परक्याच्या हातातली जिलेबी त्यांनी ओढून घेतली आणि मार खाता खाता वाचले. मग मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आई सोबत होतीच.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मेंदूचा कपाळामागचा भाग आक्रसला होता, फटी काळ्या आणि रुंद झाल्या होत्या. "पेशींत नको ती प्रथिनं साठत जातात. आठवण बरीच टिकते, माया आणि लाज आधी जाते," ते म्हणाले. मी त्या काळ्या फटींकडे बघत बसले. आमचे बाबा तिथंच कुठंतरी हरवले होते.

"घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

"व्हय की!" आई सरसावून बसली. "आमचे मामंजी. लई मोटे सिद्ध. शेतात समाधी हाय त्यांची, लोक नवस बोलत्यात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. काही घरांत हे जनुकातून येतं, ते म्हणाले. आधी बाबांचं रक्त तपासू. दोष सापडला, तर तो मुलीत उतरलेला असण्याची शक्यता निम्मी.

आईचा चेहरा उजळला. "म्हंजे हिलाबी ते लाभंल म्हना की!"

मी परत त्या काळ्या फटींकडे पाहिलं. आई अभिमानानं माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.