पुठ्ठ्यातली आजी

पळून जायला बाईला एक पुरुष पुरतो. खळताईच्या आजीला घराण्याने तीन दिले होते. एका दूरच्या काकाच्या मते तो शिवणयंत्रं विकणारा फिरता विक्रेता होता, शेजारच्या म्हातारीच्या मते फोटोग्राफर, आणि बापाची आत्या तर शपथेवर सांगायची की बँडमधला क्लॅरिनेटवाला. तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. तीन वर्षांचं पोर भट्टीपाशी झोपलेलं टाकून ती बाई गेली, आणि जाताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हे पाहायला तिथे कोण उभं होतं, असं विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

ते तीन वर्षांचं पोर म्हणजे खळताईचा बाप. आता चौऱ्याऐंशी वर्षांचा. सगळं आयुष्य त्याने बेकरी चालवली, आधी वडिलांच्या हाताखाली, मग स्वतःच्या नावावर. खळताई त्याची थोरली. सरकारी दफ्तरखान्यात जुन्या रजिस्टरांची बांधणी करणं हे तिचं काम. टाके उसवायचे, पानं साफ करायची, फाटक्या कडांना पातळ कागद लावायचा, नवा पुठ्ठा चढवायचा. खळ ती स्वतः शिजवायची, बेकरीतून आणलेल्या मैद्याची, कीड लागू नये म्हणून थोडा मोरचूद घालून. त्यावरून हे नाव पडलं. "माझा मैदा लोक खातात, ही कागदांना चारते," असं बाप म्हणायचा, आणि तिच्या नोकरीबद्दल तो आयुष्यात एवढंच बोलला.

तशी तिला नोकरी दुसरीच करायची होती. सतराव्या वर्षी तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, टेकडीवरच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात. राहणं-जेवण तिथेच. बापाने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि भट्टीत टाकलं. "तुझ्यात तिचं रक्त आहे," तो म्हणाला. "तुला घराबाहेर झोपू देणार नाही." पोरगी मोठ्याने हसली की आजीवर गेली. खिडकीत उभी राहिली की आजीवर गेली. स्थळं आली, पाहुण्यांनी चहा प्यायला, आजीची चौकशी केली आणि खाण तशी माती म्हणत दुसरं घर पाहिलं. तिशीपर्यंत स्थळं येत राहिली, मग तीही थांबली. वड्याचं तेल वांग्यावर काढतात, इथे वांगं जन्मायच्या आधीपासून तेल तापत होतं.

म्हणून तिला शोधायचंच होतं. माया वगैरे काही नव्हती, न पाहिलेल्या बाईवर माया कसली करायची. जिच्यापायी आपण शिक्षा भोगली, तिने गुन्हा तरी केला होता का, एवढं तिला कळायला हवं होतं, आणि ते बाप जिवंत असताना कळायला हवं होतं. वीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत ती रजिस्टरं चाळत राहिली. मतदारयाद्या, लग्नांची नोंद, शहरातल्या मृत्यूंची नोंद. कुठेच काही नाही. पोलिसांच्या जुन्या वहीत बायको हरवल्याची आजोबांची तक्रार नव्हती. त्याच वर्षी त्यांची सायकल हरवली होती, तिची मात्र होती, घंटीच्या वर्णनासकट.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाप न्हाणीघरात पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग इस्पितळात पाच आठवडे. आधी तो खळताईकडेच राहायचा, तिच्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या खाटेवर. धाकट्या भावाची बायको भेटायला आली आणि म्हणाली, "आम्ही नेलं असतं हो, पण आमच्याकडे जिने फार." जिने काही नवीन नव्हते. खळताईने खाटेखाली घालायला लाकडी ठोकळे करून घेतले, म्हणजे म्हाताऱ्याला उठताना वाकावं लागणार नाही. रोज संध्याकाळी गेली की बाप एकच विचारी, "घरी कधी नेतेस?" आणि ती म्हणे, "चालायला लागा, की लगेच."

चौथ्या आठवड्यात टेकडीवरच्या इस्पितळाची रजिस्टरं दफ्तरखान्यात आली. ते इस्पितळ बंद पडून वर्षं झाली होती, कागद कुठल्याशा गोदामात कुजत होते. तिच्या टेबलावर पहिलंच आलं ते कपडे-कोठीचं. चादरी किती, उशांचे अभ्रे किती, कोणी शिवलं, कोणी धुतलं. पुठ्ठा ओलीने फुगला होता. फुगलेला पुठ्ठा फेकायच्या आधी सोलून बघायचा, ही तिची सवय होती. जुने बाइंडर पुठ्ठा विकत घेत नसत. ऑफिसची रद्दी खळीने एकावर एक चिकटवून, दाबून, स्वतःच तयार करत. जी जाळायला सांगितली जायची ती रद्दीसुद्धा, कारण चांगला कागद जाळणं त्यांच्या जिवावर यायचं.

तिने ओला स्पंज फिरवला, थांबली, बोथट सुरीने कोपरा उचलला. थर सुटत गेले. छापील पत्रं होती, दर वर्षाचं एक, सगळी एकाच रुग्णाची. 'सदर रुग्ण पूर्ण बरी झाली असून तिच्यापासून संसर्गाचा धोका नाही. नातेवाइकांनी तिला घरी न्यावे.' वरती आजीचं नाव. खाली उत्तराची जागा. जुन्या पत्रांवर आजोबांचा अंगठ्याएवढा जाड सही-शिक्का, बेकरीचा. मग एका वर्षापासून अक्षर बदललं. 'घरात जागा नाही. संस्थेने योग्य वाटेल ते करावे.' पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. ही सही खळताईने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

थर वाळत घालून ती रजिस्टरांच्या ढिगाकडे वळली आणि दोन दिवसांत बाकीचं सापडलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी दाखल. तिसऱ्या वर्षी बरी. मग एकोणचाळीस वर्षं कपडे-कोठीत, चादरी शिवायला. भेटायला आलेल्यांच्या रकान्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडवी रेघ. मृत्यू चौसष्टाव्या वर्षी, अंत्यविधी संस्थेतर्फे. तेव्हा खळताई एकोणीस वर्षांची होती. सतराव्या वर्षी नर्सिंगला गेली असती, तर रोजची चादर आजीच्या हातून घेतली असती. हे लक्षात आल्यावर ती जागेवरच बसून राहिली, आणि गॅसवरची खळ करपून गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिने एक पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि इस्पितळात गेली. बाप काठीच्या आधाराने दरवाज्यापर्यंत जाऊन आला होता आणि खुशीत होता. तिने पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने हात लांब करून वाचलं.

"हे जाळतो म्हणाले होते ते टेकडीवरचे," तो म्हणाला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"वडील जाताना सांगून गेले. मी चोवीसचा होतो. मलाही तोवर क्लॅरिनेटवालाच ठाऊक."

"मग आणलं का नाहीत तिला? ती बरी होती बाबा. तिसऱ्या वर्षीच बरी होती."

"ते गिऱ्हाइकाला कोण समजावणार?" बाप अगदी शांत होता, पिठाचा भाव सांगावा तसा. "पळून गेलेल्या बाईच्या घरचा पाव लोक खातात. वर चार गोष्टी चघळायला मिळतात, म्हणून दोन पाव जास्तच नेतात. खोकणाऱ्या बाईच्या घरचा कोणी कुत्र्यालाही घालत नाही. आत्याने बरोबर डोकं चालवलं होतं."

"आणि मला? माझं पत्र का जाळलंत?"

"तू तिला भेटली असतीस ना."

एवढंच. त्याला वाईट वाटलं असतं, तो खोटं बोलला असता, रडला असता, तर कदाचित खळताईने निभावून नेलं असतं. तिला त्या क्षणी बापाची किळस आली. त्याने पाकीट परत दिलं आणि विचारलं, "घरी कधी नेतेस?"

तेवढ्यात वॉर्डची सिस्टर कागद घेऊन आली. म्हाताऱ्यांना सोडताना भरायचा फॉर्म होता. रुग्णाला घरी नेण्यास तयार आहात का, नसल्यास कारण. नाही म्हटलं, की रुग्ण सरकारी वृद्धाश्रमात जायचा, मोठ्या हॉलमध्ये चाळीस खाटा आणि एक खिडकी. सिस्टर सहज म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही नेणारच आहात. 'होय' करा आणि सही करा."

खळताईने पेन घेतलं. खाटेखालचे ठोकळे तिला आठवले, त्यांना तिने पॉलिशसुद्धा करून घेतलं होतं. तिने 'नाही'वर खूण केली. खाली सावकाश लिहिलं, 'घरात जागा नाही. संस्थेने योग्य वाटेल ते करावे.' मग सही केली.

"बघू," बाप म्हणाला.

तिने फॉर्म त्याच्यापुढे धरला. त्याने तो लांब धरून वाचला, मग जवळ आणून वाचला. त्याचा खालचा ओठ लटपटायला लागला. पाच आठवड्यांत, ऑपरेशनच्या दिवशीही, तो लटपटला नव्हता. "खिडकीजवळची खाट आहे ना माझी," तो म्हणाला. त्याने बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होता.

"लोक उगाच म्हणायचे, आजीवर गेलीस," तो म्हणाला. "तू माझ्यावर गेलीस."

सगळं आयुष्य तिला घरातल्या कोणाकडून तरी एवढंच ऐकायचं होतं, की तू आजीवर गेली नाहीस. आज बापाने ते म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. तिने त्याच्या हातातून फॉर्म सोडवून घेतला आणि सिस्टरला दिला.