बाया धावतात तो फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आणि मला ओळखणारे इथंच हसतील. या माणसाचं न सांगितलेलं काही उरलंय, यावर आमच्या गुलमंडी बाजारात कोण विश्वास ठेवणार? नाथनसाहेबांचे किस्से तर मी लग्नाच्या पंगतीतही रंगवतो. देशोदेशी फिरलेले फोटोग्राफर; दुष्काळ टिपायला आमच्याकडे आले आणि कॅमेऱ्यावर धूळ बसू नये म्हणून मलमल घ्यायला आमच्या दुकानात शिरले. मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. मी इंग्रजी झाडलं, कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि त्यांचा दुभाषा झालो. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पुढचं — थांबा, सांगतो.

मुकुंदवाडीच्या पलीकडे तेव्हा नवी वस्ती उठत होती. घरं आली होती, नळ यायचे होते. बाया रस्त्याकडेला हंडे मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या. साहेबही बसले. त्यांचा एक हट्ट होता — कुणाला ऊठ म्हणायचं नाही, बस म्हणायचं नाही. घडेल तेच टिपायचं. पण काही घडतच नव्हतं हो! डोक्यावर ऊन, पोटात कावळे. आणि माझा आवाज कसा? गणपतीतल्या नाटकात माइकशिवाय शेवटच्या रांगेला जाऊन भिडणारा. असा आवाज किती वेळ गप्प बसणार?

एका अर्धवट बांधलेल्या भिंतीआड गेलो आणि ओरडलो, "टँकर आलाऽऽ!"

काय उठल्या बाया! पदर, हंडे, धूळ, उन्हात चमकणारं पितळ — बघा, सांगतानाही मला मजाच येते. आता याला काय म्हणायचं? साहेबांचा कॅमेरा थांबेना. कोपऱ्यावर मात्र रस्ता मोकळा. बाया शिव्या देत, एकमेकींना ढकलत, हसत परतल्या. एक हसली नाही. तिनं सकाळीच हापश्यावरून घागर भरून आणली होती. ती त्या पळापळीत लवंडली. ओल्या मातीकडे बघत ती तशीच उभी. साहेबांनी विचारलं, काय झालं? टँकर कोपऱ्यावरून माघारी गेला, मी म्हणालो.

त्या फोटोनं साहेबांचं नाव झालं. माझंही थोडं — 'तेव्हा मी तिथं होतो' म्हणून.

एवढंच असतं तर पोरवयातली मस्ती म्हणून पंगतीत खपवलंही असतं. पण नंतर साहेबांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन आमच्या शहरात भरलं. साहेब म्हातारे, काठीवर. मी पुन्हा दुभाषा, नवाकोरा झब्बा घालून. दाराशीच मोठ्या अक्षरांत त्यांचं म्हणणं लावलेलं: फोटोसाठी मी कधी कुणाला उभं केलं नाही. ते वाक्य मी दर वेळी जरा भरभर ओलांडायचो.

आणि ती आली. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. त्या फोटोसमोर थांबली. "ही मी हाय," म्हणाली. साहेब उठून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "दादा, त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. कुण्या मुडद्यानं बोंब ठोकली. माझी भरलेली घागर सांडली. पोरगं तापानं फणफणलं व्हतं, त्याच्यासाठी आणलं व्हतं पाणी. साहेबाला इचारा — त्यांनी तर नव्हतं ना वरडाया लावलं?"

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. काय म्हणतात या?

एक वाक्य. खरं सांगायला तेवढंच लागलं असतं, नाही का? मी म्हणालो — इंग्रजीत, अगदी गोड आवाजात — त्या म्हणतात, तुमचे उपकार झाले. तुमच्यामुळे आमचे हाल जगाला कळले.

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर दोन्ही हात जोडून वाकले.

ती बघत राहिली. मग मान हलवली. "म्हंजी यांनीच," ती म्हणाली. "बरं. कबूल केलं, तेवढं लई झालं."

आणि गेली. या काय म्हणाल्या? साहेबांनी विचारलं. पुन्हा येईन म्हणाल्या, मी सांगितलं.

साहेब आता नाहीत. ती आहे, त्याच वस्तीत राहते. फोटोवाला साहेब कसा होता, हे ती लोकांना सांगते म्हणे. तिच्या दारावरून मी महिन्यातून एकदा तरी जातो — स्कूटरवर, हेल्मेट घालून.