फाटकावरचे महिपतराव

माधवगंजातले महिपतराव शहराच्या पाण्याच्या हौदावर कामाला लागले, तेव्हा ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता. तिथल्या विहिरींच्या पाण्यात लोह फार. हौदाच्या तळाशी भोकं पाडलेली नळी होती. तिच्यातून यंत्राने हवा सोडायची. बुडबुडे वर चढताना लोहाचा तांबडा गाळ होई, मग पाणी वाळूतून गाळून शहराच्या लष्कर भागात जाई. हवा कमीजास्त करायचं चाक महिपतरावांच्या हाती असे. घराणं फौजेतलं, शाळा चौथीपर्यंत. पण बुडबुडे ओळखावेत त्यांनीच. साय धरताना दूध हलतं तेवढंच पाणी हलावं, असं ते सांगत.

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश झाला आणि पाठोपाठ नोकरांची नवी यादी आली. यंत्रावर सर्टिफिकेटवालाच हवा. महिपतराव फाटकावर चौकीदार. पगार तोच राहील, असं नव्या इंजिनीअरसाहेबांनी समजावलं.

"आता पाण्याकडे पाठ करून बसायचं," ते घरी बायकोला, विजयाबाईंना, एवढंच म्हणाले.

नव्या माणसाने चाक पुरतं उघडलं. हौद असा उसळू लागला की साहेब खूश. फाटकावर तो खळखळाट ऐकून महिपतरावांना डबा गोड लागेना. मोठा बुडबुडा झटकन वर येऊन फुटतो. पाण्याला हवा लागायला सवडच मिळत नाही. पंधरवड्यात लष्करातली धोतरं पिवळी पडली, कचेरीतला चहा शाईसारखा काळा झाला.

"अहो, फाटक काय पळून जातंय? जा की आत," विजयाबाई म्हणाल्या.

महिपतराव दोन पेले घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. एकात विहिरीचं कच्चं पाणी, दुसऱ्यात गाळून आलेलं. दोन्हींत त्यांनी पेरूचं पान चुरलं; लोह असलं की त्याने पाणी काळं पडतं. दोन्ही पेले सारखेच जांभळे-काळे झाले. मग त्यांनी एक दिवस चाक मागून घेतलं. संध्याकाळी गाळून आलेल्या पाण्याच्या तिसऱ्या पेल्यात पान चुरलं. पाण्याचा रंग बदलला नाही.

साहेबांनी पेला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "महिपतरावजी, काग़ज़ पर तो मैं आपको यहाँ नहीं बिठा सकता."

"तो काग़ज़ पर मत बिठाइए, साहब."

पुढे अकरा वर्षं ते फाटकावरच्या वहीत सही करून हौदाकडे जात. सर्टिफिकेटवाला शेजारी उभा राहून शिके. निवृत्तीच्या पत्रात हुद्दा 'चौकीदार' असाच होता. फाटक मात्र त्या अकरा वर्षांत बहुधा उघडंच असे.