चौक आल्याशिवाय ट्रम्पेट नाही

दिग्रसच्या आमच्या बँडपार्टीत मी खुळखुळे वाजवतो. हे वाद्य आहे आणि ते अवघड आहे, असं मी गेली वीस वर्षं बायकोला सांगत आलोय.

पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करणारी माझी भाची मागच्या उन्हाळ्यात आली ती एक खूळ घेऊनच. जाझ नावाचं अमेरिकन संगीत म्हणे पंधरा-वीस जण मिळून वाजवतात. "मामा, तेच ट्रम्पेट, तेच सॅक्सोफोन! तुमचा बँड वाजवेल? लोकांसमोर, एका दमात. मी लाइव्ह रेकॉर्ड करते."

मी कुणालाही न विचारता हो म्हटलं.

त्याला कारण होतं. आमचे मास्तर ट्रम्पेट वाजवतात. लग्न असो की जयंतीची मिरवणूक, चाळीस वर्षं सगळ्यांत पुढे तेच. पण त्यांचे समोरचे दात हलू लागले होते आणि आठ-दहा दिवसांनी, सोमवारी, यवतमाळला जाऊन ते काढायचे होते. दात गेले की ओठाला टेकू नाही, आणि टेकू नाही तर ट्रम्पेट नाही. बरं, त्यांचं वाजवणं कुणी धड रेकॉर्डही केलेलं नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत मास्तर गाल फुगवताना दिसतात आणि ऐकू येतं वरून चढवलेलं सिनेमाचं गाणं.

मास्तरांनी भाचीच्या मोबाइलवर जाझची एक चाल तीनदा ऐकली. "आपल्या वरातीसारखीच हाय. फक्त नवरदेव पळून गेला वाट्टे," एवढं बोलले आणि आठ दिवसांत सगळ्यांकडून बसवून घेतली.

रविवारी सकाळी, हंगाम संपून रिकाम्या पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये शंभरेक माणसं जमली. भाचीने माइक उभे केले आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. तिथेच घोटाळा झाला. आम्ही जन्मात कधी बसून वाजवलेलं नाही. ढोलवाला ढोलामागे पार दिसेनासा झाला. चाल सुरू झाली, पण शोकसभेला आल्यासारखी. मास्तरांच्या सोलोची जागा आली, भाचीने हात केला. मास्तर ट्रम्पेट मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेले. चाल फिरून आली, तिने पुन्हा हात केला. मास्तर हलेनात.

तिने सगळ्यांना थांबवलं. "मास्तर, तुमची जागा दोनदा गेली!"

"चौक कुठं आला बाई अजून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं की वरात चौकात पोचली की थांबते, लोक गोल करतात, आणि मगच मास्तर एकटे वाजवतात. तोवर नुसती साथ.

"मग समजा ना, चौक आला!"

"समजून कसं वाजन पोरी? आता शेवटच्या टायमाले खोटं कायले वाजवू?"

पुन्हा सुरुवात. मास्तर तसेच. मला राहवेना. मी उठलो आणि, अगदी शपथेवर सांगतो, फक्त एक पाऊल टाकलं. मागून ढोलवाला उठला, मग क्लॅरिनेट, मग अख्खी रांग. उभं राहताच चालीत असा काही जीव आला की आम्ही झुलत झुलत शेडच्या दाराबाहेर. माइक राहिले आत, कबुतरांचं रेकॉर्डिंग करत.

"मामा, माइक!" भाची किंचाळली.

"ठेला घे!" मी खुळखुळे न थांबवता ओरडलो.

बाहेर आमचा भोंग्यांचा ठेला उभाच होता. तिने आतून रेकॉर्डर आणि दोन माइक आणून त्यावर बांधले, कानाला हेडफोन लावले आणि ढकलत आमच्यापुढे काढला. श्रोते मागे. दोघं-तिघं नाचूही लागले.

चौक आला. लोकांनी गोल केला आणि मास्तर मधे आले. पुसदची एसटी अडकली. ड्रायव्हरने एकदा कचकचून हॉर्न दिला, मग खिडकीतून ऐकलं आणि गाडीच बंद केली. मास्तर डोळे मिटून वाजवत होते. आजवर न ऐकलेले सूर, आणि एकही घाईत नाही.

भाजीवाल्या आजीने विचारलं, "कोणाचं लगन हाय रे? नवरदेव तं दिसून नाही राह्यला!"

"मास्तरांच्या दातांची वरात हाय, आजी!" ढोलवाला म्हणाला.

मंगळवारी मास्तर सुजलेल्या गालाला रुमाल लावून माझ्या ओसरीवर ऐकायला बसले. सोलो संपेपर्यंत बोटं मांडीवर चालत होती.

"तो हॉर्न आणि त्या आजी काढून टाकते," भाची म्हणाली.

मास्तरांनी रुमाल बाजूला केला. "राहू दे. नाही तं ऐकणाऱ्याले कसं समजन, चौक आला म्हणून?"