बिबड्यांचा रविवार

हेमलता,

तुझा फोटो पाहिला. गोपालने पेपर पाठवला, बसच्या ड्रायव्हरच्या हाती. धुळ्यात तुझा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, ठीक आहे. पण फोटोखाली छापलंय ते वाचून माझा चहा कपातच गार झाला. 'नोकरी, संसार आणि ज्युदो या तिन्हींचा मेळ सासूबाईंच्या पाठिंब्यामुळेच बसला.' कोणत्या सासूबाई? तुला दुसरी एखादी असेल तर मला ठाऊक नाही. मी तुला पाठिंबा दिलेला नाही. एक दिवसही नाही. जितकं आडवं येता येईल तितकं मी आले, आणि समजून-उमजून आले. माझ्या नावाने खोटं छापायचं नाही. लोकांना वाटेल, म्हातारी गोड होती.

एवढं यशोदाबाईंनी एका दमात लिहिलं. त्या एरंडोलच्या. वय अडुसष्ट, शिक्षण बी.ए., तीस वर्षं पोस्टात नोकरी, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, जीभ शाबूत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. हेमलता त्यांची एकुलती एक सून, एस.टी.त कंडक्टर. लग्न ठरताना मुलगी कॉलेजात ज्युदो खेळायची हे सांगितलं होतं. यशोदाबाईंना वाटलं, खेळायची म्हणजे खेळून झालं.

खेळून झालं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पोरगी दुसरीत गेली, आणि गावात कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात कुणीतरी ज्युदोचा वर्ग काढला. हेमलताने घरात विचारलं नाही, सांगितलं. "अक्का, उद्यापासून पहाटे पाच ते साडेसहा मी नसेन. भाकरी आल्यावर टाकते."

आणि टाकायची, यात खोट नव्हती. भाकरी, डबे, पोरीची वेणी, मग खाकी ड्रेस घालून साडेआठच्या गाडीवर. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मान खाली पडायची आणि मेथी मांडीवर तशीच. गोपाल, म्हणजे यशोदाबाईंचा मुलगा, पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कामाला; तो गुपचूप उठून मेथी निवडायचा. हे यशोदाबाईंना दिसायचं आणि ते पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लग्नकार्यातही तीच तऱ्हा. कुणाची हळद असो की कुणाचं डोहाळजेवण, ही खाकी ड्रेसमध्ये यायची, ओटी भरायची आणि दहा मिनिटांत "ड्यूटी आहे" म्हणून निघायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ज्युदोला वेळेवर हजर.

त्यात ते डाग. कधी कोपर निळं, कधी मानेवर लाल ओरखडा. एकदा गल्लीतल्या दोघी पदर सावरून यशोदाबाईंच्या ओट्यावर बसल्या आणि हळू आवाजात अहिराणीत म्हणाल्या, "अक्का, गोपालले समजाडा. एवढं मारू नही बाईमानूसले." गोपालने आयुष्यात डास मारला असेल तोही चुकून. यशोदाबाईंनी घरात येऊन सुनेला सांगितलं तर ती पोट धरून हसली. यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मुलाचं नाव जात होतं आणि हिला हसू येत होतं.

खरं भांडण मात्र बिबड्यांवरून झालं.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पण लाटायचे नव्हेत. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात पिठाचा घाटा शिजवायचा, तीळ-तिखट घालून घोटायचा आणि गरम आहे तोवर खाटेवरच्या ओल्या धोतरावर ओल्या हाताने थापायचा. घाटा निवला की चिरा पडतात, बिबडा होत नाही. म्हणून पाच-सात बायकांचे हात एकदम लागतात. यशोदाबाईंच्या गल्लीत आठ घरं. उन्हाळ्यात प्रत्येक घराची एक पहाट ठरलेली. त्या पहाटे बाकीच्या सात घरांतून एकेक बाई जाते. कोण आली नाही हे कुणी बोलत नाही, फक्त लक्षात ठेवतं. यशोदाबाई चाळीस वर्षं गेल्या. गुडघे वाकेनासे झाले तसं जाणं सुनेकडे आलं.

आणि सुनेची पहाट गोदामात. त्या वर्षी सात घरांपैकी ती एका घरी गेली, तेही अर्ध्यातून उठून. एप्रिलअखेर एका रविवारी धुळ्याला तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. तिने ते महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं.

यशोदाबाईंनी आपल्या बिबड्यांना नेमका तोच रविवार धरला.

"अक्का, मंगळवारी करू ना. मी रजा टाकते."

"पीठ भिजत घातलंय. ते तुझ्या परीक्षेची वाट बघत नाही."

"मला विचारलं असतं तर?"

"तू मला कधी विचारलंस?"

रविवारी हेमलता पहाटे साडेतीनला उठली, अंगणात चूल पेटवली आणि दहा किलोंचा घाटा एकटीने घोटला. दुसऱ्या घरी दोघी बायका घोटायच्या दांड्याला लोंबकळतात तेव्हा तो फिरतो. यशोदाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. मनगटं लोखंडाची, हे त्यांनी मनात कबूल केलं, तोंडाने नाही.

पाच वाजले. खाटा मांडलेल्या, धोतरं ओली करून पसरलेली. कुणी आलं नाही. साडेपाच झाले. हेमलता आणि गोपाल थापायला बसले. गोपालचे बिबडे कुठे जाड, कुठे भोक. सहाला यशोदाबाई काठी घेऊन उठल्या आणि चार घरं सोडून वच्छलाबाईंच्या दारात गेल्या. गल्लीचा शब्द वच्छलाबाईंचा. त्या निघाल्या की सगळ्या निघतात.

"या ना अक्का, च्या ल्या," वच्छलाबाई झोपाळ्यावरून उठल्या नाहीत.

"घाटा शिजलाय. बाया कुठे आहेत?"

"बाया घरमा शेतस. कसाले येतीन त्या? तुम्हनी सून एकच घर उनी, तेबी अर्ध टाकीसन पळी गयी." मग पायाने हळूच झोका घेत, "तिना हातमा एवढं बळ शे ना? मानसेसले आपटस ना ती? मग बठ्ठं तीच थापी लेई."

आत कुणीतरी फिसकन हसलं. चाळीस वर्षं ज्या घरांचे बिबडे यशोदाबाईंनी थापले, त्या घरांच्या दारांवरून त्या काठी टेकत परत आल्या. दारं सगळी उघडी होती. कुणी बाहेर आलं नाही.

अंगणात हेमलता हात धूत होती. बॅग खांद्याला. "अक्का, सात-दहाची गाडी आहे."

"आणि हे पातेलं?"

"मी साडेतीनपासून इथेच आहे, अक्का."

"आज गेलीस तर या गल्लीत मला तोंड राहत नाही. कळतं का तुला?"

"कळतं," हेमलता म्हणाली, आणि गेली.

घाटा वरून सुकायला लागला होता. तेवढ्यात मागच्या बोळातून वच्छलाबाईंचीच धाकटी सून आली, दिपमाला. पदर खोचलेला, श्वास वर चढलेला. खाटेशी बसली आणि हात ओला करून थापायला लागली. असा भरभर, पातळ बिबडा यशोदाबाईंनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"तुझ्या सासूला ठाऊक आहे?"

"नही. घाटा थंडा व्हई ऱ्हायना, द्या तठून." अर्धं पातेलं संपल्यावर ती खालमानेने म्हणाली, "हेमलताताईनी माले पडाले शिकाडं. दुपारले, गच्चीवर, गोणपाटवर."

"पडायला काय शिकायचं असतं?"

"पडीसन लागत नही, ते." एवढंच बोलून ती हसली आणि सात वाजायच्या आत बोळातून निघूनही गेली.

उरलेल्या घाट्यातला थोडा गोपालने तेल घालून पोरीला खायला दिला. बाकीचा म्हशीवाल्याकडे गेला.

संध्याकाळी हेमलता आली. पास झाली होती. पेढा पुढे केला. यशोदाबाईंनी घेतला नाही.

"अक्का, रविवार तुम्ही मुद्दाम धरलात ना?"

"धरला."

"का?"

"तू थांबतेस का बघायला."

"थांबले असते तर बायका आल्या असत्या?"

"नसत्या आल्या. पण चूक तुझी आणि झाकलीही तू, असं झालं असतं. आता झाकायची मी."

"मग पुढच्या वर्षी पण मीच पहाटे सात घरी जायचं, आणि माझी पहाट?"

"तुझी पहाट! सुनेला वेगळी पहाट असते हे मी तुझ्याकडूनच ऐकलं."

जूनमध्ये हेमलताने धुळ्याला बदली मागून घेतली. गोपाललाही तिकडे एका दुकानात काम मिळालं, पोरीचं नाव तिकडच्या शाळेत. निघायच्या दिवशी तिने एक पिशवी यशोदाबाईंच्या खाटेवर ठेवली. आत तिचा जुना ज्युदोचा ड्रेस, धुऊन घडी केलेला.

"हा दिपमालाला द्या. मला वच्छलाबाई दारात उभं करत नाहीत. तुम्हाला निदान चहा विचारतात."

यशोदाबाईंनी पिशवी खाटेखाली सरकवली.

दिवाळीच्या आधी त्या पिशवी घेऊन गेल्या. चार घरं. वच्छलाबाईंनी या वेळी उठून पाट दिला, चहा दिला, चिवडा दिला. म्हणाल्या, "ती गयी ते बरं व्हयनं, अक्का. घरना घर वाचनं. उन्हाळामा पहिली पहाट तुम्हनीच ठेवू." दिपमाला ओट्यावर भांडी घासत होती. तिने पिशवीकडे पाहिलं. यशोदाबाईंनी पिशवी पायाशी ओढून घेतली, चहा संपवला आणि ती तशीच घरी आणली.

एप्रिलमध्ये सातही घरांतून बायका आल्या. अंगण भरलं. यशोदाबाई खुर्चीवर बसून तीळ कमी-जास्त सांगत होत्या, सगळ्या "हो अक्का, हो अक्का" म्हणत होत्या. सगळं पूर्वीसारखं. ओला हात पुसायला दिपमाला खुर्चीजवळ आली आणि सासूकडे पाठ करून म्हणाली, "अक्का, ताईनी मनासाठे काही दिन्हं का?"

"काय देणार ती? जा, तुझा घाटा निवतोय."

दिपमाला गेली आणि थापायला बसली. ड्रेस आतल्या कपाटात वरच्या खणात होता, डांबरगोळ्या घालून. चार घरांचं अंतर. ते काम राहिलं ते राहिलंच.