अक्कांची जॉयस्टिक

सुमनअक्का कुठलंही बटण विकत घेण्याआधी ते कानाशी धरून दाबायच्या. जळगावातल्या दुकानदारानं विचारलं, घराच्या बेलसाठी हवंय का. अक्का म्हणाल्या, "नाही, व्हिडिओ गेमसाठी." तो हसला. मी खाली बघितलं. अक्का पुढचं बटण दाबत होत्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या, पोस्टात नोकरी करायच्या. पन्नाशीला आल्या होत्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आणि फारसे प्रश्न न विचारणारी, म्हणून बहुधा त्यांनी मला निवडलं. त्यांना पूर्वी गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं लाकडी यंत्र घरी बनवायचं होतं.

कारण त्यांनीच एकदा प्लाय मोजता मोजता सांगितलं. लहानपणी धुळ्यात बसस्टँडजवळ असं एक पार्लर होतं. धाकटा भाऊ तिथं रमला की त्याला बोलवायला आई यांना पाठवायची. मुलींनी आत जायचं नाही. दाराला पडदा. "विमान कधी वळलं, गोळी कधी सुटली, सगळं मला बाहेरून खटक्यांच्या आवाजावरून कळायचं. दिसलं मात्र कधीच नाही." आता त्यांना स्वतः खेळायचं होतं, आणि तो आवाज स्वतःच्या हातातून निघायला हवा होता.

केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्ही आधी नमुना केला. डावीकडे जॉयस्टिकच्या जागी पेन खोचलं, उजवीकडे बटणांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची तीन झाकणं. ऑफिसातून आल्या की त्या त्यावर खेळायच्या, झाकण बोटभर सरकवायच्या, पुन्हा खेळायच्या. मनगट अवघडेनासं झालं तेव्हाच पेन्सिलीनं गोल काढला. प्रकाशभाऊ, म्हणजे तोच धाकटा भाऊ, धुळ्याहून फोनवर सांगायचे की पोरं खेळतील, बटणं सहा कर, उंची वाढव. अक्का "बरं" म्हणायच्या आणि उंची स्वतःच्या कोपरापर्यंतच ठेवायच्या.

जॉयस्टिक मी मागवली, अगदी उत्तम, आवाज न करणारी. त्यांनी ती चारी बाजूंना फिरवून खोक्यात परत ठेवली.

"छान आहे गं. पण मुकी आहे."

मी तिचे गुण वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि दुसरी मागवायला लावली, आत खटके असलेली, साधी. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा त्यांनी कान जवळ नेला. आणि ती पुन्हा डावीकडे ढकलली.

यंत्र सुरू झालं त्या रविवारी प्रकाशभाऊ आले, गल्लीतली पोरं जमली. भाऊ सवयीनं थेट यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. अक्कांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

अक्कांचं विमान लगेच पडलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तर उडता उडताच. पोरं खिदळायला लागली. भाऊ म्हणाले, सरक, मी दाखवतो कसं ते.

अक्कांनी मान वळवली नाही. भावाशी त्या नेहमी अहिराणीतच बोलायच्या.

"माले सांगू नको. माले हारू दे."

आणि त्यांनी पुन्हा सुरू केलं.