हनुवटीखालची सूज

शाळेत मुलं मला 'डबल मॅडम' म्हणतात हे मला माहीत होतं. चिखलीतल्या एका शाळेत मी गणित शिकवते आणि दहावीला सलग दोन तास घेते, त्यावरून ते नाव पडलं असेल असं मी धरून चालले होते. मग एका सव्वीस जानेवारीला मी सूत्रसंचालन केलं. कुणीतरी स्टेजखालून त्याचा व्हिडिओ काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात मी मान खाली घालून कागद वाचत होते आणि माझ्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी हलत होती. नावाचा अर्थ त्या क्षणी कळला. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते आजही सांगवत नाही.

वय सत्तेचाळीस, पदरात एक मुलगी, ती पुण्याला शिकायला. या वयात असल्या गोष्टीचं काय, असं मी दुसऱ्या बाईला नक्की म्हटलं असतं. पण मी फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ शिकवायला लागले. आरशासमोर गळ्याखालचं मांस दोन बोटांनी मागे ओढून बघायला लागले.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी नवऱ्याला घेऊन संभाजीनगरच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. तिने हनुवटीखाली पेनाने ठिपके काढले आणि समजावून सांगितलं, की ही चरबी विरघळवायची इंजेक्शनं आहेत, ऑपरेशन नाही, दोन-तीन वेळा यावं लागेल, आठ-दहा दिवस सूज राहील. एकेका ठिपक्यावर सुई टोचली. आधी काही वाटलं नाही, मग मिरची चोळल्यासारखी आग झाली.

परतीच्या बसमध्ये मी नवऱ्याकडून वचन घेतलं. "कोणाले सांगायचं नाई. आईले तर नाईच."

"मंग काय सांगू?"

"दाढ काढली म्हणा."

दुसऱ्या दिवशी गळा बेडकासारखा फुगला. भाऊबीजेला मी दरवर्षी सोनाळ्याला माहेरी जाते. आई तिथे भावाजवळ राहते. या वर्षी मी फोन करून दाढेचं सांगितलं आणि गेले नाही. भावाने हट्ट धरून व्हिडिओ कॉल लावला. मी स्कार्फ गुंडाळून बसले होते, पण बोलता बोलता तो सरकला. आई पलीकडून नुसती बघत राहिली. 

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती. शेगाव, खामगाव करत एकटी एसटीने आली होती. हातात संत्र्यांची पिशवी आणि काखेत दुसरी, खताच्या दुकानाची जाड प्लास्टिकची.

"दाखव," ती म्हणाली.

"अवं आई, दाढ आहे. उतरून राह्यली सूज."

तिने बोटांनी माझ्या जबड्याखाली दाबून पाहिलं. तिथे बधिर झालं होतं, मला तिची बोटं कळलीच नाहीत. 

दोन दिवस ती राहिली. मला काम करू दिलं नाही. मऊ खिचडी करून भरवायला बसायची. स्वतः मात्र दोन घासांवर उठायची. मी तिला खरं सांगू शकले असते. पण ती परत जाईल, सूज उतरेल आणि विषय संपेल, असा हिशोब मी मनात करत होते. एकदा स्वयंपाकघरातून मला तिचा आवाज आला. ती माझ्या नवऱ्याला विचारत होती, "जावाईबापू, खरं सांगा. डाक्टर काय म्हणे?"

तो वचनात अडकलेला. "काही नाई मामी," एवढंच म्हणाला आणि चप्पल घालून बाहेर निघून गेला. आईला जे समजायचं ते त्यातून समजलं.

थोड्या वेळाने ती माझ्या पलंगावर येऊन बसली. खताच्या दुकानाची ती पिशवी उघडली. आत माझ्या वडिलांची फाईल होती. नागपूरच्या दवाखान्याचे कागद, फोटो, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं नऊ वर्षांपासून तिने जपून ठेवलेलं.

"हे डाक्टरले दाखव," ती म्हणाली. "घरात कोणाले होतं म्हटलं की ते लवकर पाहतात. तुह्या बाबाच्या वक्ती आपण उशीर केला."

माझ्या वडिलांना आधी गळ्याखाली गाठच आली होती. आणि तेव्हा मीच म्हणाले होते, दाढ सुजली असेल, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. दोन महिने ते गुळण्या करत राहिले. वर्षाच्या आत कॅन्सरने गेले. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी आईला सांगायला मला तोच शब्द सुचला. मुद्दाम नाही सुचला. पण सुचला, आणि त्यात मला काही खटकलंही नाही.

मी सांगून टाकलं. संभाजीनगर, इंजेक्शनं, व्हिडिओ, सगळं.

आई फाईलच्या बंदाशी खेळत बसली. "म्हणजे रोग नाई?"

"नाई."

"तूच सुया टोचून घेतल्या? बरी असताना?"

"हाव."

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पदरात तोंड घालून रडायला लागली, हमसून हमसून, आणि मला कळेना हे हायसं वाटल्याचं रडणं आहे की माझ्यामुळे आलेलं. मी तिला हात लावायला गेले तर तिने माझा हात धरून ठेवला. मग विचारलं, "लय दुखलं का व?"



संध्याकाळी ती पोटभर जेवली. सकाळच्या गाडीने गेली. जाताना फाईलमधले कागद तिने मोजून, सरळ करून पुन्हा पिशवीत घातले. भावाला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. त्याने कधी विचारलं नाही.

इथे मी थांबले असते तर निदान शहाणी झाले असं म्हणता आलं असतं. पण दोन महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला, की एका वेळेत पूर्ण फरक पडत नाही. आरशात खरंच थोडासाच फरक होता. मी गेले. या वेळी आदल्या दिवशी आईला फोन केला. पुन्हा सुया टोचून घ्यायला चालले, असं खरं सांगितलं.

ती म्हणाली, "जाय. थंडी लय आहे, कानाले बांधून जाय. पोचली की फोन कर."

मी पोचल्यावर फोन केला. डॉक्टरीण आत बोलावत होती आणि आई पलीकडून विचारत होती, सोबत कोणी आहे ना, जेवली का तू.